काचेमागची डबी

हा दहा-वीस डॉलरचा यूएसबी डोंगल मुळात लॅपटॉपवर टीव्ही बघण्यासाठी निघाला, तोही युरोपसारख्या ठिकाणी. अमेरिकेत प्रक्षेपणाची पद्धतच वेगळी, त्यामुळे इथे त्याच्यावर एक वाहिनी लागायची नाही. पण २०१२च्या सुमारास काही खटपट्या मंडळींच्या लक्षात आलं, की त्यातली आरटीएल २८३२यू ही चिप रेडिओलहरींचे कच्चे नमुने जसेच्या तसे संगणकाकडे सोडू शकते. मग डोंगलने नुसतं ऐकायचं आणि अर्थ लावायचं काम प्रोग्रॅमने करायचं. रेडिस हा डेटाबेस लिहिणाऱ्या साल्वातोरे सान्फिलिप्पोने विमानांचे संदेश उलगडणारा 'डम्प१०९०' लिहिला, २०१५मध्ये वैमानिकांसाठीचा 'स्ट्रॅटक्स' हा प्रोग्रॅम आला, आणि ओहायोतल्या छोट्या धावपट्टीवरून भाड्याची सेस्ना उडवणाऱ्या माझ्यासारख्याची सोय झाली. तयार रिसीव्हर घ्यायचा तर तेव्हा पाचशे ते नऊशे डॉलर पडत. रास्पबेरी पाय, दोन डोंगल, जीपीएस, पंखा आणि डबी, सगळं मिळून दीडशेच्या आसपास भागतं.

डोंगल दोन, कारण अमेरिकेत विमानं दोन फ्रीक्वेन्सींवर आपला ठावठिकाणा सांगतात. मोठी जेट विमानं १०९० मेगाहर्ट्झवर, जगभर तीच. १८,००० फुटांखाली उडणाऱ्यांना ९७८ चालते, आणि त्याच ९७८वर जमिनीवरची केंद्रं हवामानही पाठवतात, फुकट. बारामतीत उडायला शिकणाऱ्या माझ्या भाच्याला हीच डबी दिली, तर १०९०वरची विमानं दिसतील, पाऊस दिसणार नाही.

१०९०वरचा एक लांब संदेश १२० मायक्रोसेकंदांत आटोपतो. पहिल्या आठात चार ठोके, मग ११२ बिट. सेकंदाला वीस लाख नमुने घेतले, की एका बिटाच्या वाट्याला जेमतेम दोन येतात. पहिला मोठा असेल तर एक, दुसरा मोठा असेल तर शून्य. एवढ्या भांडवलावर जेटचा कोड, उंची आणि जागा हाती लागते. मला अजूनही याची गंमत वाटते.

डोकेदुखी विजेची. पायला ५ व्होल्ट लागतात; ४.६३च्या खाली गेलं की तो तक्रार करतो. पॉवर बँक चांगली असली तरी लांब, बारीक केबलमध्ये व्होल्टेज गळतं. 'कुठला डोंगल घेऊ?' असं कुणी विचारलं, की मी आधी आखूड, जाड केबल घ्यायला सांगतो. दुसरा शत्रू ऊन. जुलैत पुढच्या काचेमागे ठेवलेली डबी बघता बघता तापते, आणि ८० अंशांपाशी प्रोसेसर आपला वेग उतरवतो. म्हणून मी ती मागच्या खिडकीला सक्शन कपने लावतो, अँटेना उभ्या ठेवून.

हे सगळं जमतं. अवघड आहे ते पडद्यावर काय दाखवायचं हे ठरवणं.

आपल्याच विमानाचं रडारने टिपलेलं स्थान जमिनीवरून डबीकडे येतं, पण काही सेकंद शिळं. विमानाचा २४ बिटांचा कोड डबीला सांगितला नसेल, तर आपल्याच मागे, आपल्याच उंचीवर कुणीतरी चिकटलेलं दिसतं. आपण वळलो की तेही वळतं. भाड्याचं विमान बदललं की कोडही बदलायचा.

आणि एखाद्या विमानाचे संदेश थांबले तर? १२० नॉटने जाणारं विमान सहा सेकंदांत पावणेचारशे मीटर सरकतं. दोघं समोरासमोर असतील तर अंतर दुपटीने घटतं. तोवर प्रोग्रॅमने अंदाजाने चिन्ह पुढे सरकवावं, असं काहींचं मत. मला ते पटत नाही. ऐकलेलं आणि अंदाजलेलं एकाच रंगात दाखवणं ही थाप झाली. शिवाय पिवळ्या पायपर कब आहेतच. मूळ बांधणीत विजेची यंत्रणाच नसलेल्या अशा विमानांना ठावठिकाणा सांगत राहण्याच्या २०२०च्या सक्तीतून सूट आहे. मोकळ्या शनिवारी सकाळी त्या हमखास उडतात, आणि दिसतात त्या फक्त खिडकीबाहेर.

पावसाचं चित्र त्याहून फसवं. कोपऱ्यात लिहिलेलं वय असतं ते चित्र जुळवल्यापासूनचं. रडारने तो पाऊस टिपला त्याच्याही आधी. प्रत्यक्षातला पाऊस दाखवलेल्या वयापेक्षा १५ ते २० मिनिटं जास्त जुना असू शकतो, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२मध्ये बजावलं होतं. ३० नॉटने सरकणारं वादळ वीस मिनिटांत १० सागरी मैल पुढे जातं. दोन लाल डागांमधली फट बघून कुणी त्यात शिरायला निघालं, तर ती तोवर बुजलेलीही असेल.

ते चित्र रंगवतं आयपॅडवरचं अ‍ॅप. डबी मिळालेली माहिती वायफायवरून पुढे ढकलते, इतकंच. डबीच्या स्वतःच्या पानावर मात्र मी एक आकडा मोठ्या टायपात टाकला आहे: शेवटचा हवामान-संदेश किती मिनिटांपूर्वी आला. धावपट्टीवर उभं असताना तिथे बहुधा नुसती रेघ असते, कारण केंद्राचा सिग्नल इतक्या खाली पोचतच नाही. माझ्याकडून डबी बांधून घेतलेले इथले एक काका त्या रेघेपायी फोन करतात.

"अरे, तुझी डबी मेली बघ."

"काका, आधी हजार फूट वर जाऊन बघा."


"आणि तरी रेघच राहिली तर?"

"तर केबल बदला."