भाऊ दोघे, दोघे भाऊ

मुखेडच्या बाजारात आजोबा ज्वारी मापून घ्यायचे. पहिलं माप पडलं की मापारी ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. मग दोन, तीन. शेजारच्या तेलुगू मुलखातही ‘लाभम्’नेच मोजायची रीत आहे. आकडे कान देऊन ऐकायला मी तिथं शिकलो.

घरी आल्यावर आजोबा वहीत मांडत, ‘ज्वारी पायली चार’. बोलताना मात्र ‘चार पायल्या ज्वारी’. वहीत आकडा शेवटी आला की खाली उतरत बेरीज करता येते.

माणसांसाठी तर आपण आकडेच वेगळे ठेवलेत. बैल दोन, पण भाऊ दोघे. तिघे, चौघे, पाचापासून ‘जण’ लागतो. कानडीत इब्बरु, मूवरु. तेलुगूत इद्दरु, मुग्गुरु. आमच्या सीमाभागातल्या तिन्ही भाषा माणसाला ढोरांच्या गणतीत बसवत नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यात जागा बदलली की अर्थ हलतो. ‘दोघे भाऊ आले’ म्हणजे भाऊच दोन, आणि दोघेही आले. ‘भाऊ दोघे आले’ म्हटलं की कुणी मागं राहिलं का, असं विचारावंसं वाटतं.

2011च्या फेब्रुवारीत मी जनगणनेच्या कामावर होतो. जन्मलेली मुलं आणि हयात मुलं यांचे रकाने निराळे. एका वाडीवर म्हाताऱ्या मावशींना विचारलं, ‘लेकरं किती?’

‘चौघं लेकरं मला.’

‘हयात?’

‘हायेत तिघं.’

मी दोन्ही रकाने भरले. ‘चौघं’ त्यांनी लेकरांना चिकटवूनच उच्चारलं होतं. ‘तिघं’ मागून, एकटं आलं. रकान्यांत ते मावणारं नव्हतं, पण मावशींच्या मराठीत ते पुरतं सांगून झालं होतं.

आता पुण्यात पुतणी कोरियन शिकते. तीन मित्रांना तिकडे ‘छिंगु से म्यॉङ’ म्हणतात: मित्र, तीन, जण. बोलण्यात ही रीत. आकडा पुढे घेणारी रचना लिखाणात जास्त. आमच्या वहीच्या अगदी उलट. जनावरांना ‘म्यॉङ’ चालत नाही, त्यांना ‘मारी’. आणि वडीलधाऱ्यांना ‘बुन’: आजी-आजोबा दोघं असतील तर ‘दु बुन’. आपण आदर क्रियापदावर सोडतो, ते मोजतानाच देतात. ‘दोघे, तिघे’ शिकवताना वर्गात मी हेही सांगतो, आणि पोरं लगेच मास्तरांना ‘बुन’ने मोजू लागतात.