नवगांवचा किनारा व माशाची पारख

आमचें खापा गांव कन्हान नदीच्या कांठीं वसलेलें. समुद्र आम्हांस केवळ ऐकून ठाऊक. त्यामुळें कोंकणांत गेल्यावर आम्हीं जें पाहिलें व ऐकिलें, तें वाचकांस सादर करितों.

मुंबईहून बोटीनें मांडव्यास उतरून अलिबागेच्या वाटेस लागलें म्हणजे समुद्राच्या बाजूस नवगांव आहे. येथें बेने इस्रायल समाजाचें पुरातन स्मशान आहे. फुटलेल्या गलबतांतून सात पुरुष व सात स्त्रिया या किनाऱ्यास लागल्या, पोथ्या मात्र समुद्रांत गेल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढें वंशजांनीं तेलाचे घाणे घातले व मराठी हीच मातृभाषा केली. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले.

कांहीं शतकांनीं दाविद रहाबी नामक यहुदी गृहस्थ तेथें आले. हे लोक खरोखर आपलेच काय, हें पाहण्यासाठीं त्यांनीं स्त्रियांपुढें नाना जातींचे मासे ठेवून ते रांधावयास सांगितले, अशी कथा आहे. त्या स्त्रियांनीं पर व खवले असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूस सारिले. तोरेंतील नियम नेमका तोच! जें पोथींतून गेलें, तें चुलीपाशीं राहिलें होतें.

त्या नियमाप्रमाणें रावस, बांगडा चालतो. कोळंबी, खेकडा, मुशी वर्ज्य. शुक्रवारच्या सांजेस व सणावारीं नारळाच्या रसांतलें माशाचें कालवण होतें. मांसाबरोबर दूध निषिद्ध असल्यानें त्या समाजाच्या इतर पक्वान्नांतही नारळाचें दूधच उपयोगी पडतें. युरोपांतील यहुदी गोड्या पाण्यांतील कार्प माशाचे कांटे आधींच काढून त्याचे गोळे शिजवितात. कारण शब्बाथच्या दिवशीं कांटे निवडणें हेंही काम ठरतें. आहारशास्त्रदृष्ट्या बांगड्यांत प्रथिनें, ब-१२ जीवनसत्त्व व हृदयास हितकर स्निग्धाम्लें भरपूर असतात. नारळाचा रस मात्र स्निग्ध असल्यानें बेतानें घ्यावा.

१९४८ नंतर या समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्रायलास गेलीं. अलिबागेच्या इस्रायल आळींत १८४८ सालीं स्थापिलेलें प्रार्थनामंदिर उभें आहे. घरें मात्र मोजकीं उरलीं आहेत.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस मत्स्याहार वर्ज्य. तरी ही कथा त्यांस परकी वाटूं नये. श्राद्धास कोणती भाजी चालते हें पोथी न उघडतां सांगणारी आजी आपल्याही घरीं असते. तिला तें आजच विचारून ठेवावें.