एक मतदारसंघ, चार प्रतिनिधी : डब्लिन सेंट्रल

लिफी नदीच्या उत्तरेकडील ‘डब्लिन सेंट्रल’ हा आयर्लंडच्या ‘डॉल’ या कनिष्ठ सभागृहावर चार प्रतिनिधी पाठवणारा शहरी मतदारसंघ आहे. तेथील मतदार एकाच मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो आणि त्या एका संक्रमणीय मतातून, म्हणजे एका उमेदवाराला उपयोगी न पडल्यास दुसऱ्याकडे जाणाऱ्या मतातून, चारही जागा भरल्या जातात. पहिल्या पसंतीची मते आणि कोटा हे शब्द महाराष्ट्रातील वाचकाला विधान परिषदेच्या निवडणुकांमुळे ठाऊक आहेत. तेथे जे आमदार करतात, ते डब्लिनमध्ये सामान्य नागरिक करतो.

एकूण वैध मतांना जागांच्या संख्येपेक्षा एकने मोठ्या संख्येने भागून, आलेल्या पूर्णांकात एक मिळवला की कोटा ठरतो. त्यामुळे चार जागांसाठी साधारण पाचवा हिस्सा मते पुरतात. कोट्यापेक्षा अधिक मिळालेली मते पुढील पसंतीच्या उमेदवारांकडे वळवली जातात, कोणीही कोटा गाठत नसेल तेव्हा तळाचा उमेदवार बाद होऊन त्याची मते वाटली जातात, आणि मोजणी फेरीमागून फेरी चालू राहते. पुण्यातील चार सदस्यांच्या प्रभागाशी याची गल्लत होऊ नये, कारण तेथे प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत असल्याने एकाच पक्षाचे पॅनेल चारही जागा नेऊ शकते आणि उरलेल्या मतदारांच्या पदरी काहीच पडत नाही.

डब्लिन सेंट्रलमधील २००७ची मोजणी या पद्धतीचे अंतरंग दाखवते. पंतप्रधान बर्टी अहर्न यांना पहिल्या पसंतीची १२,७३४ मते पडली, त्यांचे पक्षसहकारी सिप्रियन ब्रेडी यांना अवघी ९३९, आणि तरीही अहर्न यांच्या अतिरिक्त मतांच्या आधाराने ब्रेडी निवडून आले. यावर पुष्कळ टीका झाली. मात्र ती मते कोणी चोरलेली नव्हती, मतदारांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पुढील पसंतींचाच तो परिणाम होता. त्याच निवडणुकीत टोनी ग्रेगरी हे अपक्षही निवडून आले. फेब्रुवारी १९८२मध्ये पहिल्यांदा निवडून येताच त्यांनी चार्ल्स हॉही यांच्या अल्पमतातील सरकारला पाठिंबा देताना शहराच्या गरीब अंतर्भागासाठी घरे आणि रोजगार यांचा लेखी करार करून घेतला होता. ते सरकार वर्षभरही टिकले नाही आणि कराराचा बराच भाग कागदावरच राहिला, पण ग्रेगरी यांनी जानेवारी २००९मधील मृत्यूपर्यंत आपली जागा राखली. एकसदस्यीय मतदारसंघात अशा अपक्षाला इतका काळ तग धरणे फार अवघड गेले असते.

दोषही याच रचनेतून उद्भवतो. एकाच पक्षाचे दोन उमेदवार एकाच मतदारांपुढे उभे असल्याने प्रतिनिधीचा खरा प्रतिस्पर्धी अनेकदा स्वपक्षातलाच असतो. धोरणावर दोघांचे मत एकच असल्याने ‘क्लिनिक’ म्हटल्या जाणाऱ्या नियमित भेटींच्या वेळी घर, पेन्शन, वैद्यकीय कार्ड यांची कामे कोण अधिक करून देतो यावर चढाओढ लागते आणि कायदे करण्याचे काम मागे पडते.

तरीही सर्वांत घातक दोष पसंतीक्रमात नसून जागांच्या संख्येत आहे. स्थानिक शासन मंत्री जेम्स टली यांनी १९७४मध्ये मतदारसंघांची फेररचना करताना डब्लिनचे बहुतेक तुकडे तीन जागांचे केले. प्रत्येक ठिकाणी तीनपैकी दोन जागा सत्ताधारी आघाडीला मिळतील, असा त्यामागील हिशेब होता. १९७७मध्ये वारे फिरले, तोच हिशेब विरोधी फिएना फॉल पक्षाच्या पथ्यावर पडला आणि त्याने १४८पैकी ८४ जागा जिंकल्या. पुढे सीमा आखण्याचे काम स्वतंत्र आयोगाकडे गेले, हे योग्यच झाले.

आयरिश मतदारांनी ही पद्धत रद्द करण्याचे प्रस्ताव १९५९ आणि १९६८ अशा दोन सार्वमतांत फेटाळले. मात्र १९२०च्या दशकात गॉलवेमध्ये नऊ जागांचा मतदारसंघ होता, तर १९४७च्या कायद्यानंतर पाचहून अधिक जागांचा मतदारसंघ उरलेला नाही, आणि राज्यघटनेने घातलेली किमान मर्यादा तीनच आहे. तीन जागांच्या मतदारसंघात निवडून येण्यास सुमारे चौथा हिस्सा मते लागतात. तेवढी मते नसलेल्या शहरी गटाला दुसऱ्यांच्या पुढील पसंतींवर विसंबावे लागते, म्हणून दाट वस्तीच्या शहरात किमान पाच जागांचा मतदारसंघ असल्याशिवाय या पद्धतीला प्रमाणशीर म्हणणे योग्य ठरणार नाही.