सात किलोंचा हिशेब

विमानाच्या तिकिटावर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते : हातातले सामान सात किलो. ज्यांना दोन शर्ट आणि एक टॉवेल न्यायचा असतो त्यांना ती ओळ दिसतही नाही. ज्याची रोजीरोटी कॅमेऱ्यावर चालते त्याची मात्र ती झोप उडवते.

आमचा धाकटा भाऊ लग्नाचे फोटो काढतो. आम्ही पडलो मास्तर. सुट्टीत त्याच्याबरोबर दिव्याची छत्री धरायला जातो, एवढाच आमचा या धंद्याशी संबंध. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत खालाच्या मुलीचा निकाह दुबईत ठरला. तिकिटे खालूंनी पाठवली आणि अट एकच घातली, फोटो घरच्याच मुलाने काढायचे.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही दोघे वजनकाटा घेऊन बसलो. कॅननच्या फाइव्ह डी मार्क थ्री या कॅमेऱ्याची नुसती बॉडी बॅटरीसह ९५० ग्रॅम भरते. तशा दोन. निकाहच्या वेळी काझीसाहेबांच्या डोक्यावर जाऊन उभे राहता येत नाही, म्हणून लांबून टिपणारी ७०-२०० ची लेन्स लागते. ती जवळजवळ दीड किलो. जवळची लेन्स आठशे ग्रॅम. इथेच चार किलोंच्या वर गेले. कापूस भरलेली रिकामी बॅगच दोन किलो. फ्लॅश, चार्जर, लॅपटॉप घातल्यावर काटा नऊ किलो चारशेवर थांबला.

मग लगेजमध्ये का टाकत नाही, असे कुणीही विचारील. विमान कंपन्यांच्याच अटी वाचाव्यात. कॅमेरा, दागिने, रोकड अशा मौल्यवान आणि नाजूक वस्तू लगेजमध्ये देऊ नका, दिल्यास नुकसानीची जबाबदारी आमची नाही, असे तिथे लिहिलेले असते. म्हणजे खाली द्यायचे नाही आणि वर सात किलोंच्या पुढे न्यायचे नाही. ज्या कॅमेऱ्याचे बँकेचे हप्ते अजून फिटायचे आहेत तो आपटत-धोपटत पट्ट्यावरून जाताना पाहायची आमच्या भावाची हिंमत नव्हती, आणि आमचीही नव्हती.

तिसरा नियम बॅटऱ्यांचा. जादा लिथियम बॅटरी लगेजमध्ये चालतच नाही, ती हातातच हवी. कारण साधे आहे. अशी बॅटरी पेटली तर एक घटक दुसऱ्याला तापवत जातो. माणसांच्या डोळ्यांसमोर पेटली तर विमानसेविका ती विझवू शकते, पाणी ओतून थंड करू शकते. पोटातल्या सामानात पेटली तर तिथे कुणाचा हात पोहोचत नाही. मर्यादा १०० वॉट-तासांची. आमची बॅटरी ७.२ व्होल्टची, १,८६५ मिलिअँपिअर-तासांची. गुणाकार केला तर साडेतेराच्या आसपास येते. सातवीच्या मुलांना दशांशाच्या गुणाकाराला हेच उदाहरण आम्ही नंतर घातले. मुलांना उत्तरापेक्षा विमान पेटते कसे यातच जास्त रस होता.

तर मुंबईच्या विमानतळावर दोघांच्या गळ्यात एकेक कॅमेरा, आमच्या जाकिटाच्या एका खिशात लेन्स, दुसऱ्यात बॅटऱ्या, अशा थाटात आम्ही रांगेत उभे राहिलो. काउंटर जवळ आले तसा धाकटा कानाशी लागला, "भाईजान, मराठीत बोला."

मराठी आम्हांला परकी नाही. बाजारात, पंचायतीत, शेजारी आम्ही तीच बोलतो; या पानांतही तीच लिहितो. पण वर्गात दिवसभर उर्दूत शिकवतो, घरात अम्मीशी तिच्याच बोलीत बोलतो, आणि कधी कुणापासून लपवायची गरज वाटली नव्हती. त्या दिवशी मात्र आपलीच भाषा अंगावर शालीसारखी ओढून घ्यावी लागली. नाव तर तिकिटावर होतेच. धाकट्याला आम्ही काही बोललो नाही. बॅग काट्यावर चढली, सहा किलो आठशे भरली. काउंटरवरच्या मुलीने आमच्या फुगलेल्या खिशांकडे पाहिले, हसली आणि चिठ्ठी लावून दिली.

पुढे सुरक्षा तपासणीत सगळे ट्रेमध्ये मांडावे लागले. बॅग बाजूला काढली गेली. बॅटऱ्यांमुळे की नावामुळे? हे तुम्हांला कधी कळत नाही, आणि हे न कळणे सात किलोंपेक्षा जड असते. जवानाने प्रत्येक लेन्स उघडून पाहिली. शेवटी त्याने विचारले, लग्नाचे काम करता का? बहिणीचे लग्न आहे, दिवसाचे किती घेता? धाकट्याने दर सांगितला तर म्हणाला, आमच्या गावाकडे एवढ्यात मंडपसुद्धा येतो. बॅग बॅटऱ्यांमुळेच थांबली होती, असे आम्ही मानून चाललो.

पण प्रत्येक वेळी मानून चालता येत नाही. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने फर्मान काढले की दहा विमानतळांवरून तिकडे थेट येणाऱ्या विमानांत फोनपेक्षा मोठे कुठलेही उपकरण, लॅपटॉप असो वा कॅमेरा, हातात नेता येणार नाही. दुबई, अबू धाबी, दोहा, कुवेत, जेद्दा, रियाध, कैरो, अम्मान, इस्तंबूल, कॅसाब्लांका. आठही देश मुसलमानबहुल. ब्रिटननेही त्याच दिवशी आपली सहा देशांची यादी जाहीर केली. जे तज्ज्ञ लिथियम बॅटरी नजरेसमोर ठेवा म्हणून सांगत होते त्यांच्याच डोळ्यांदेखत शेकडो प्रवाशांच्या बॅटरीवाल्या वस्तू एकाच विमानाच्या पोटात भरायच्या होत्या. गल्फमार्गे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या लोकांनाही ते चुकले नाही. तपासणी कडक झाल्यावर अमेरिकेने जुलैपर्यंत बंदी एकेक करून उठवली.

तपासणीच नको, असे आम्ही म्हणत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट खरोखरच उघडकीस आला होता, आणि त्यातले गुन्हेगार आपलेच नाव लावणारे होते. त्या विमानांत आपलीही बायका-मुले असती. तपासा, हवे तर दोनदा तपासा. फक्त सर्वांना तपासा, एवढेच मागणे आहे.

निकाह छान झाला. कबूल म्हणताना खालूंनी रुमालात तोंड लपवले, ते धाकट्याने लांबच्या लेन्सने नेमके टिपले. रात्री खोलीवर सगळे लॅपटॉपमध्ये उतरवून कार्डांचे दोन वाटे केले. निम्मी त्याच्या खिशात, निम्मी आमच्या. लेन्स फुटली तर दुसरी येईल, कबूल दुसऱ्यांदा म्हणवून घेता येत नाही.

परतीला विमान भरलेले होते. दारातच सांगितले, वर जागा नाही, बॅग खाली द्या. बॅटऱ्या आणि लॅपटॉप काढून घेतले, कॅमेरे गळ्यात होतेच; दीड किलोची लेन्स मात्र बॅगेबरोबर गेली. तीन तास धाकट्याने ना खाल्ले ना डोळा मिटला. मुंबईत पट्ट्यावर बॅग आली. लेन्सच्या पुढची काच तडकलेली, आतली शाबूत. शेवटी सीमाशुल्कवाल्यांनी हटकले. जाताना त्यांच्याच कचेरीतून प्रत्येक वस्तूचा क्रमांक लिहिलेला दाखला आम्ही घेतला होता, नाहीतर आपलाच जुना माल परदेशी म्हणून त्यावर कर मागतात. अधिकाऱ्याने क्रमांक ताडून पाहिले आणि कागद परत केला. तो दाखला आता घरी अम्मीच्या पेटीत, धाकट्याच्या बँकेच्या पासबुकाशेजारी आहे.