दोन कसोट्यांचा गोलंदाज

पुनावळ्यात आता ऊस शोधावा लागतो. बायपासच्या दोन्ही अंगांना टॉवर उभे राहिलेत आणि जिथे अजून राहिले नाहीत तिथे जाळी, हिरवं मॅट आणि फ्लडलाइट. जमीनमालकाला भाडं मिळतं, पोरांना नेट. भुयारी मार्गातलं संध्याकाळचं ट्रॅफिक जरा सैल झालं की किट बॅगा यायला लागतात. बॅग पोराची, वाहतो बाप. आणि सगळ्यांना बॅटिंग हवी असते. बॉलिंगला उभं राहायला कोणी राजी नसतं, म्हणून सर स्वतःच टाकतात.

हे सर कधीकाळी जिल्ह्याकडून मध्यमगती टाकायचे, असं पालकांमध्ये बोललं जातं. ते स्वतः त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. उजवा खांदा मात्र सांगतो. पाण्याची बाटली वरच्या हुकाला अडकवायची झाली तर डावा हात पुढे येतो. परवा त्यांनी मॅटवर चुन्याचा आडवा पट्टा ओढला, सीझन बॉल एका पोराच्या बोटांत शिवण उभी ठेवून बसवला आणि म्हणाले, "पट्ट्याकडे बघायचं नाही. पट्टा माझ्यासाठी आहे. तू स्टंप बघ." पोराला काही कळलं नसावं. मला मात्र ते वाक्य पुरलं.

वरच्या पायरीवर फार काळ न टिकलेले गोलंदाज शिकवायला चांगले का निघतात, हा माझा जुना विषय आहे. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये याची परंपराच आहे. टॉमी लासोर्डा हा डावखुरा पिचर मोठ्या लीगमध्ये एकही सामना जिंकला नाही. त्याच्या नावावर चार पराभव तेवढे आहेत. 1955मध्ये सँडी कोफॅक्स नावाच्या पोरासाठी संघात जागा करायची म्हणून ब्रुकलिन डॉजर्सनी त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं. तोच लासोर्डा पुढे 1976पासून वीस वर्षं डॉजर्सचा मॅनेजर होता आणि 1981 व 1988 अशा दोन वर्ल्ड सिरीज त्याने जिंकून दिल्या. कोफॅक्समुळे जागा गेली हे तो मिरवून सांगायचा.

आपल्याकडचा लासोर्डा शोधायला गेलं तर मला पारस म्हांब्रे आठवतात. तसा आवाज त्यांचा नाही. लासोर्डा बोलका, हे अबोल. मुंबईचा मध्यमगती गोलंदाज, प्रथम श्रेणीत 284 बळी, रणजी विजेत्या मुंबईचं कर्णधारपदही. कसोट्या मात्र दोन आणि बळीही दोनच. जून 1996, एजबॅस्टन. त्या एकाच कसोटीत म्हांब्रे, वेंकटेश प्रसाद, सुनील जोशी आणि विक्रम राठोड असे चौघे पदार्पणाला उतरले. पुढची कसोटी लॉर्ड्सवर, 20 जूनपासून. त्या दिवशी म्हांब्र्यांचा चोविसावा वाढदिवस होता. त्या कसोटीची आठवण निघाली की गांगुली आणि द्रविड यांच्या पदार्पणाचीच निघते आणि त्यात वावगं काही नाही. म्हांब्र्यांची मात्र ती शेवटची कसोटी ठरली.

खेळ थांबला तसे ते शिकवायला लागले. बंगालला त्यांनी लागोपाठ दोन रणजी अंतिम सामन्यांत नेलं. दुसरा 2007मध्ये, वानखेडेवर आणि समोर मुंबईच. ज्या ड्रेसिंग रूममध्ये वाढलो तिच्याविरुद्ध डावपेच आखायचे आणि हरायचं, हेही या धंद्यात येतं. मग एकोणीस वर्षांखालची पोरं आली आणि 2021च्या शेवटी भारतीय संघ. त्या संघाचा प्रशिक्षक द्रविड, फलंदाजीचा राठोड, गोलंदाजीचे म्हांब्रे. 1996च्या त्या दोन कसोट्यांतले तीन नवखे पंचवीस वर्षांनी एकाच बाकावर. एकाच्या 164 कसोट्या, दुसऱ्याच्या सहा, तिसऱ्याच्या दोन. नेटमध्ये हा हिशेब कोण विचारतो!

मला वाटतं, ज्याला चेंडू आपसूक वळवता येतो त्याला तो कसा वळतो हे सांगणं जड जातं. मध्यमगतीवाल्याला काहीच आपसूक मिळालेलं नसतं. मनगट कुठे राहिलं, पुढचा पाय किती उघडला, टप्पा वीतभर का सरकला, हे सगळं त्याने हाताळून पाहिलेलं असतं, बहुतेकदा विकेट न मिळता. तरी अर्धं कसब हात न लावण्यातच असतं. बुमराची ॲक्शन कुठल्याही वर्गात शिकवता येणार नाही. ज्यांनी ती मोडून सरळ केली नाही त्या सगळ्यांचे आभार मानले पाहिजेत.

पुनावळ्याहून बायपासने पुढे गेलं की गहुंजेचं स्टेडियम. तिथली खेळपट्टी बरीच वर्षं पांडुरंग साळगावकरांच्या देखरेखीखाली होती. सत्तरच्या दशकातला महाराष्ट्राचा हा तेज गोलंदाज. अधिकृत कसोटी कधीच मिळाली नाही. 2017मध्ये इथली कसोटी तीन दिवसांत आटोपली आणि आयसीसीने खेळपट्टीला नापसंतीचा शेरा दिला. त्या प्रकरणापलीकडेही मला त्यांची कहाणी वेधक वाटते. पण ती वेगळी लिहायला हवी.

याच मैदानावर 19 ऑक्टोबर 2023ला वर्ल्ड कपचा बांगलादेशविरुद्धचा सामना झाला. कोहलीचं शतक सगळ्यांना पाठ आहे. मला आठवतं ते हार्दिक पंड्याचं षटक. पायाने चेंडू अडवायला गेला, घोटा मुरगळला, लंगडत बाहेर गेला. उरलेले तीन चेंडू चक्क कोहलीने टाकले. पुढच्या सामन्यात शमी आला आणि पाच बळी घेऊन गेला. सात सामन्यांत चोवीस, स्पर्धेत सगळ्यांत जास्त. तोवर चार सामने बाहेर बसलेल्या शमीला तयार ठेवणं, हेही प्रशिक्षकाच्याच पदरी येणारं काम.

बाहेर बसलेल्यांवरून अर्शदीप सिंग आठवतो. 2018चा एकोणीस वर्षांखालचा वर्ल्ड कप भारत जिंकला तेव्हा तो संघात होता, पण मावी, नागरकोटी, पोरेल यांच्यामागे. त्याच्या वाट्याला आले दोन सामने. त्या संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक म्हांब्रेच. सहा वर्षांनी ब्रिजटाउनला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपचा अंतिम सामना, दक्षिण आफ्रिकेला दोन षटकांत वीस हव्या होत्या. एकोणिसावं षटक अर्शदीपने टाकलं आणि चार धावा दिल्या. म्हांब्रे तेव्हाही सीमेबाहेरच होते.