कळंबच्या उन्हाला पुरणारा कॅपॅसिटर

सेवाकेंद्रातला मॉनिटर टेबलावर येतो तेव्हा तक्रार ठरलेली असते : "दादा, लाइट लुकलुकतो, चित्र सेकंदभर येतं आणि जातं. आता नवाच घेऊ का?" सातबारा काढायला माणसं ताटकळलेली असतात, पोरगं घाईत असतं. मी त्याला बसायला सांगतो आणि आधी एकच विचारतो, सकाळी लागत नाही पण थोड्या वेळानं लागतो का? 'हो' म्हणाला की पॅनेलची काळजी बरीचशी मिटते. सुकत आलेला कॅपॅसिटर थंड असताना काम करत नाही, तापला की तात्पुरता सावरतो.

मागचं कव्हर काढलं तरी बोर्डाला लगेच हात लावायचा नाही. आपल्या २३० व्होल्टचे डीसीत सव्वातीनशेच्या आसपास होतात, आणि तो साठा मोठ्या कॅपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही राहतो. पेचकसानं ठिणगी पाडून तो डिस्चार्ज करण्याची पद्धत मला मान्य नाही. रेझिस्टर लावावा, मीटरवर शून्य दिसू द्यावं.

मग सेकंडरी, म्हणजे कमी व्होल्टच्या, बाजूला बघायचं. चांगल्या कॅपॅसिटरचं डोकं सपाट असतं, त्यावर फुलीसारखी खाच. बिघडलेल्याचं डोकं वर आलेलं, कधी खाचेतून तपकिरी खपली बाहेर. आत ॲल्युमिनियमची पट्टी आणि इलेक्ट्रोलाइटनं भिजलेला कागद यांची गुंडाळी असते. तो द्रव बिघडला की हायड्रोजन वायू साठतो आणि डबी फुगते. २००० नंतरच्या काही वर्षांत तैवानमधल्या काही उत्पादकांच्या मालात सदोष इलेक्ट्रोलाइट गेलं आणि जगभरचे मदरबोर्ड, मॉनिटर अकाली बंद पडले. त्या काळातला माल उघडला की अजून ओळखू येतो.

पण फुगलेला कॅपॅसिटर निदान दिसतो तरी. शेजारचा सपाट डोक्याचा, आतून सुकलेला, हा खरा फसवा. मायक्रोफॅरड मोजले तर बऱ्यापैकी भरतात, ईएसआर, म्हणजे आतला रोध, मोजणारा मीटर लावला की खरं कळतं. म्हणून मी त्या बाजूचे सगळेच बदलतो. दोन बदलून मॉनिटर परत पाठवणं म्हणजे गिऱ्हाइकाला पुन्हा हेलपाटा घालायला लावणं.

पुण्यात तपकीर गल्लीत गेलो की ८५ अंशांचा स्वस्त माल पुढं येतो. मी १०५ अंशांचा, लो-ईएसआर मागतो. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट मात्र १६ च्या जागी २५, उंचीत बसला तर. यात हौस नाही, हिशोब आहे. कॅपॅसिटरच्या डेटाशीटमध्ये दिलेलं आयुष्य त्याच्यावर लिहिलेल्या कमाल तापमानाचं असतं, आणि दर १० अंश कमी झाले की ते ढोबळमानानं दुप्पट होतं. दोघांना २००० तास दिलेले धरा. बोर्डाजवळ ६५ अंश असतील तर ८५ वाला ८००० तास टिकेल, १०५ वाला ३२ हजार. रोज दहा तास चालणाऱ्या केंद्रात एक सव्वादोन वर्षांत संपेल, दुसरा पावणेनऊ वर्षं जाईल. पत्र्याखालच्या दुकानात एप्रिल-मेमध्ये काय होतं ते कळंबकराला सांगायला नको. कारखान्यातून आला तसा मॉनिटर परत करणं मला पुरेसं वाटत नाही, तो इथं टिकला पाहिजे. शेजारच्या वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेट मोटरची आवरणं बनतात. तिथं लेथवर हात चालवलेली माणसं आमच्या गावात आहेत, त्यांना हा हट्ट समजावून सांगावा लागत नाही.

बाकीचं काम हातचं. जुनं शिसं निघत नसेल तर आधी थोडं नवं लावावं, मग पंपानं ओढावं, ओढाताण केली तर ट्रॅक उचलतो. काढण्याआधी पट्टीची, म्हणजे निगेटिव्हची, बाजू कागदावर मांडून ठेवावी, बोर्डावरच्या खुणेवर डोळे मिटून विसंबू नये. उलटा बसलेला कॅपॅसिटर फुटतो. पहिल्यांदा चालू करताना शंभरचा बल्ब सिरीजमध्ये. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, भकाभक पेटत राहिला तर लगेच बंद.

मग दुपारभर मॉनिटर माझ्याच पत्र्याखाली चालवायचा. संध्याकाळी पोरगं न्यायला येतं तेव्हा काढलेले कॅपॅसिटर त्याच्या हातात देतो आणि बजावतो : भिंतीला चिकटवून ठेवू नकोस, आणि धूळ बसते म्हणून चालू मॉनिटरवर टॉवेल टाकायचा नाही, वरची जाळी मोकळी पाहिजे.