समुद्रात सोडलेलं पीप देवळात पोचतं!

कोनपिरासान! ऐकलंय का हे नाव कधी? मीही नव्हतं ऐकलं, आणि आता दुसरं काही सुचतच नाहीये! जपानच्या शिंतो धर्मातलं मला ओ की ठो कळत नाही, पण तुम्ही हातातलं काम ठेवा आणि ऐकाच!

जपानच्या शिकोकू बेटावर कोतोहिरा-गू नावाचं देवस्थान आहे. तिथला देव म्हणजे हा कोनपिरासान, खलाशांचा, कोळ्यांचा राखणदार! आणि राहतो कुठे? डोंगरावर! ७८५ पायऱ्या चढलात की मुख्य देऊळ, आतल्या देवळापर्यंत जायचं तर १३६८! आणि हा कोनपिरा मूळचा कोण? आपल्या गंगेतला कुंभीर, म्हणजे चक्क मगर! बौद्ध धर्माचं बोट धरून तिथवर गेलेला!

आता खरी गंमत. भर समुद्रातल्या खलाशाने डोंगर चढायचा कधी? मग तो लाकडी पिपात देवाचे पैसे नाहीतर साके, म्हणजे तांदळाची दारू, भरायचा, वर देवाच्या नावाचं निशाण लावायचा आणि पीप सरळ पाण्यात सोडून द्यायचा! आणि मग ते लाटांवर डुलत जायचं आणि मग कुठल्यातरी अनोळखी कोळ्याला दिसायचं आणि मग तो ते उचलून देवळात पोचतं करायचा! पैशांसकट! पोचवणाऱ्यालाही देव पावतो, ही श्रद्धा! नारळी पौर्णिमेचा नारळ आपण दर्याला देतो. इथे दर्याने पीप पुढे न्यायचं!

आणि कुत्रे! हो, कुत्रे! जुन्या जपानात, एदो काळात, ज्यांना स्वतःला जाणं जमायचं नाही, त्यांतले काही जण कुत्र्याला यात्रेला धाडायचे. गळ्यात पिशवी, पिशवीत मालकाच्या नावाची पाटी आणि वाटखर्चाचे पैसे! वाटेतले यात्रेकरू त्याला खाऊ घालत, सोबत नेत. पायऱ्यांच्या वाटेवर अशा कुत्र्याचा पुतळासुद्धा आहे! गळ्यात पिशवी घातलेला!

थांबा, उठू नका! नवसाच्या पाट्यांचं एक दालन आहे तिथे, जहाजांची चित्रं, जहाजांचे फोटो, आणि मधेच एक खरीखुरी बोट! बिअरच्या कॅनचं ॲल्युमिनियम वितळवून केलेली, उन्हावर चालणारी! १९९६ मध्ये केनिची होरिए नावाचे खलाशी तिच्यातून एकटे इक्वेडोरहून टोकियोला आले. अख्खा पॅसिफिक ओलांडून! आणि तिथेच १९९० साली अंतराळात गेलेल्या पहिल्या जपानी माणसाची, पत्रकार तोयोहिरो आकियामांचीही पाटी! अंतराळात कुठली आलीय लाट! पण निघालेल्याला परत यायचं असतंच ना, मग कोनपिराशिवाय जाणार कुणाकडे!